प्रवराकाठी : ट्रॅक्टर सुरू होतो, पण बंद होतो का?



प्रवरेचे खोरे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ज्यांनी पाहिले नाही त्यांनी एकदा सवड काढून जरूर पाहावे. रतनगडाच्या परिसरात ही नदी उगम पावते, भंडारदऱ्याच्या धरणात विसावते, रंध्याला कड्यावरून उडी घेते आणि मग अकोले, संगमनेर, कोल्हार, बेलापूर, नेवासे अशी गावे मागे टाकत प्रवरासंगमला गोदावरीच्या ओटीत जाते. वर भाताची खाचरे, मध्ये डाळिंब आणि टोमॅटो, खाली ऊसच ऊस. एकाच नदीच्या काठी एवढी वेगवेगळी शेती फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते.

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. ओझरच्या बंधाऱ्यावरून दोन्ही काठांना कालवे निघाले आणि खालचा कोरडा मुलूख हिरवा झाला. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५०-५१ च्या हंगामात त्याचे पहिले गाळप झाले. ऊस आला, पैसा आला आणि पैशामागोमाग ट्रॅक्टर आले. अलीकडे, २०२३ साली, निळवंड्याच्या डाव्या कालव्यालाही पाणी सुटले. ज्या गावांनी वर्षानुवर्षे पाण्याची वाट पाहिली तिथेही आता ट्रॅक्टरचा आवाज वाढतो आहे.

या पौषात कामानिमित्त मला हा सारा पट्टा चार दिवस फिरावा लागला. पाहायचे होते हरभरा आणि कांदा; पण वाटेत एक वेगळीच तक्रार पुन्हा पुन्हा कानावर आली. "साहेब, ट्रॅक्टर जुना आहे, पण अर्ध्या किल्लीत सुरू होतो. फक्त बंद होत नाही." हे सांगताना बहुतेक जण हसत होते. मला मात्र त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. का, ते तुम्हीच माझ्याबरोबर या काठाने चला आणि पाहा.

अकोल्याच्या उतारावर

राजूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका वस्तीवर थांबलो. घर चढावर आणि अंगण उताराचे. अंगणात तीस वर्षांहून जुना ट्रॅक्टर घरघरत उभा. मागच्या चाकाला दगड लावलेला. मालक पाणी घेऊन आले, पण ट्रॅक्टर चालूच. मी विचारले, "दादा, बंद का करत नाही?"

"चावी फिरवून बगितली सायेब, नाय होत बंद. मंग टाप गेर टाकायचा, बिरेक दाबायचा आन् किलच सोडायचा. गचका देऊन मरतो."

ओट्यावर त्यांच्या आई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्यो गचका देताना माझ्या काळजात बी गचका बसतो, बाबा. पोरं हितंच खेळत्यात."

मंडळी, म्हातारीचे खरे आहे. गिअरमध्ये टाकून इंजिन मारायचे म्हणजे ट्रॅक्टर हातभर तरी पुढे सरकतो. ब्रेक एका बाजूला सैल असेल तर तो तिरपा वळतो. मागे ट्रॉली भरलेली असेल तर ती ढकलते. रोज असा हिसका बसला की क्लचप्लेट आणि गिअरचे दातेही झिजतात. एखाद्या दिवशी अडचण म्हणून करण्याची ही गोष्ट नेहमीची पद्धत होता कामा नये.

आता चावीने ट्रॅक्टर का बंद होत नाही, ते समजून घ्या. मोटरसायकलच्या पेट्रोल इंजिनात ठिणगी लागते. चावी काढली की ठिणगी जाते आणि इंजिन थांबते. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. आत दाबलेली हवा एवढी तापते की नोझलमधून आलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणून डिझेल आणि हवा मिळत आहे तोवर ते चालणारच. त्याला थांबवायचे म्हणजे त्याचे डिझेल तोडायचे. जुन्या ट्रॅक्टरात हे काम चावी करत नाही, स्टॉपची मूठ करते. मूठ ओढली की तिची केबल पंपावरची दांडी ओढते आणि पंप नोझलला डिझेल देणे थांबवतो. चावी फक्त स्टार्टर, दिवे आणि चार्जिंग यांच्यापुरती.

या दादांच्या ट्रॅक्टरची स्टॉपची मूठ कधीच तुटली होती. त्या जागी एक खिळा लोंबत होता. बोनेट उघडून पंपावरची दांडी बोटाने मागे ढकलली आणि इंजिन शांत झाले. आजी म्हणाल्या, "अगं बाई, एवढंच व्हतं का?" बऱ्याच ठिकाणी खरोखरच एवढेच असते.

संगमनेरच्या मिस्त्रींची परीक्षा

प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावरचे संगमनेर मोठ्या बाजारपेठेचे गाव. तिथल्या गॅरेजांतून जुन्या ट्रॅक्टरांचे संमेलनच भरलेले दिसते. १९७१ साली झेटर कंपनीच्या सहकार्याने पिंजोरला सुरू झालेले एच.एम.टी. ट्रॅक्टर, १९७४ साली आलेला स्वराज ७२४, जुने मॅसी, फोर्ड, इंटरनॅशनल, सगळे हारीने उभे. एच.एम.टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला, पण त्यांचे ट्रॅक्टर अजून पेरणी करताहेत. चांगले यंत्र मालकाने जपले की कारखान्यापेक्षाही जास्त जगते.

तिथल्या एका वयस्क मिस्त्रींनी मला त्यांची परीक्षा दाखवली. ती तुम्हांला घरी करता येईल. माणसे दोन लागतात आणि वेळ दहा मिनिटांचा. ट्रॅक्टर सपाट जागेवर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून, चाकांना दगड लावून उभा करा. पहिली तपासणी इंजिन बंद असताना करा. एकाने सीटवर बसून मूठ ओढायची, दुसऱ्याने पंपावरच्या दांडीवर नजर ठेवायची.

दांडी हललीच नाही, तर केबल तुटली आहे किंवा टोकाचा स्क्रू सुटला आहे. दांडी अर्धीच हलली, तर केबलचे बाहेरचे आवरण पट्टीतून निसटले आहे. मग मूठ ओढली की आतली तार ओढली जाण्याऐवजी सगळी केबलच सरकते. आवरण पट्टीत नीट आवळा आणि तारेचा ढिलेपणा काढा. मूठ फार जड जात असेल, तर केबल आतून गंजली आहे किंवा कुठेतरी मुडपली आहे. दोन थेंब तेलाने चार दिवस भागते. त्यापेक्षा नवी केबल घालावी. ती ट्रॅक्टरच्या दुरुस्तीतल्या सर्वांत स्वस्त कामांपैकी एक आहे. घालताना वळणे मोठी ठेवा आणि सायलेन्सरपासून दूर न्या.

उलटी गोष्टही ध्यानात ठेवा. मूठ आत ढकलल्यावर दांडी पूर्ण मागे आली पाहिजे. नाहीतर डिझेल कमी मिळते, ताकद मिळत नाही आणि आपण उगाच नोझलवर पैसे घालतो. कित्येकदा मूठ रात्रभर ओढलेलीच राहते आणि सकाळी "ट्रॅक्टर सुरू होईना" म्हणून मिस्त्रीला बोलावणे जाते.

यानंतर इंजिन सुरू करून दांडी हाताने ढकलून पाहा. लुगड्याचा किंवा धोतराचा सोगा, उपरणे, सैल बाही पंख्यापासून लांब ठेवा. हाताने दांडी ढकलल्यावर इंजिन थांबले, तर पंप चांगला आहे आणि दोष केबलचा आहे. दांडी शेवटपर्यंत जाऊनही इंजिन चालूच राहिले, तर दोष पुढे आहे. एवढे कळले तरी निम्मे काम झाले. गॅरेजमध्ये गेल्यावर "बंद होत नाही" एवढेच सांगू नका; दांडी कुठवर जाते तेही सांगा. म्हणजे नको ते काम निघत नाही.

कारखान्याच्या तळावर

संगमनेरहून लोणीकडे निघालो की उसाच्या ट्रॉल्या दिसू लागतात. पहाटेच्या धुक्यात एकामागे एक ट्रॅक्टर, प्रत्येकामागे दोन ट्रॉल्या, गाण्यांचा आवाज आणि रस्त्यावर पडलेली उसाची कांडी. कारखान्याच्या तळावर काट्यापर्यंतची रांग कधी चार तासांची, तर कधी सबंध रात्रीची. टोळीची माणसे शेकोटीभोवती बसलेली असतात. एकीकडे बैलगाड्यांचे बैल शांतपणे वाढे खात उभे आणि दुसरीकडे काही ट्रॅक्टर रात्रभर घरघरत उभे.

अशाच एका तळावर चालकाला विचारले, तर म्हणाला, "बंद करायला बोनेट उघडावं लागतं साहेब, त्यापेक्षा चालू बरा." नुसते उभे राहून घरघरणारे इंजिनही तासाला साधारण लिटरभर डिझेल खाते. रात्रीचे आठ तास म्हणजे आठ लिटर. चार रात्रींत केबलचे पैसे धुरात गेले. शिवाय चालू ट्रॅक्टरखालीच अंथरूण टाकून झोपलेले तरुण मी पाहिले. ट्रॅक्टर चालू असो वा बंद, त्याच्याखाली झोपू नका. हे आयाबहिणींनी आपल्या मुलांना बजावून सांगावे.

तळावर काही पुढच्या काळातले ट्रॅक्टरही होते. ते चावीवर बंद होतात. त्यांच्या पंपावर विजेचा एक छोटा गोल बोंडा असतो, त्याला सोलेनॉइड म्हणतात. हे दोन तऱ्हांचे असतात. पहिल्या तऱ्हेत वीज मिळते तोवर डिझेल चालू राहते आणि चावी काढली की बंद होते. असा ट्रॅक्टर बंद होत नसेल, तर सोलेनॉइडची तार काढून पाहा. लगेच थांबला, तर चावी काढल्यावरही कुठून तरी वीज येत आहे. चावीचा स्विच चिकटला असेल किंवा कोणी दिव्याची, टेपची तार भलत्या जागी जोडली असेल. तार काढूनही थांबला नाही, तर सोलेनॉइडचा आतला दांडा अडकला आहे. दुसऱ्या तऱ्हेत उलटे असते: बंद करण्यासाठीच वीज लागते. तिथे फ्यूज उडाला, अर्थिंग सैल झाले किंवा बॅटरी बसली, तर ट्रॅक्टर बंद होत नाही. आपल्याकडे कोणती तऱ्हा आहे ते पुस्तिकेत किंवा मिस्त्रीकडून माहीत करून घ्या.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढू नका. स्टॉपच्या मुठीचे जुने इंजिन त्याने थांबत नाही, उलट अल्टरनेटर जळतो.

बेलापूरचे स्टेशन आणि पंपाचे दुकान

पुढे श्रीरामपूर. दौंड-मनमाड मार्गावरच्या इथल्या स्टेशनचे नाव मात्र बेलापूर. नवखा प्रवासी हमखास गोंधळतो. मूळ बेलापूर गाव प्रवरेच्या काठी आहे. श्रीरामपूरच्या बाजारात डिझेल पंप तपासून देणारी दुकाने आहेत. आत गेले की दवाखान्यात आल्यासारखे वाटते: स्वच्छ टेबल, काचेच्या नळ्या, नळ्यांत मोजून पडणारे डिझेल.

दांडी शेवटपर्यंत जाऊनही इंजिन थांबत नसेल, तर शेवटी इथेच यावे लागते. जुन्या ट्रॅक्टरांत पंप दोन प्रकारचे असतात. लांबट पंपात प्रत्येक सिलेंडरला एकेक दट्ट्या असतो, आणि एक दातेरी पट्टी ते सगळे एकदम फिरवून डिझेल कमीजास्त करते. ही पट्टी अडकली, तर डिझेल तुटत नाही. दुसरा आखूड रोटरी पंप. त्यात एक लहानशी झडप डिझेल मोजून सोडते. ती चिकटली, तर तोच प्रकार. दोन्हींचे शत्रू एकच: पाणी, गंज आणि घाण. पावसाळाभर ट्रॅक्टर उभा ठेवला, टाकी अर्धी रिकामी राहिली, आत घाम धरून पाणी साचले, डिझेल चिकट झाले, की हे दुखणे येते.

पट्टी किंवा झडप अडकली, तर कधी इंजिन बंद होत नाही आणि कधी आपोआप वेगही वाढतो. म्हणून असा ट्रॅक्टर कामाला जुंपू नका. घरी पंप खोलू नका. त्यातले भाग केसाहूनही बारीक मापाने बसवलेले असतात. तुमच्या हातात आहे ते एवढे: फिल्टर वेळेवर बदला, टाकीच्या तळाचे पाणी सोडा, डिझेल गाळून घाला आणि ट्रॅक्टर फार दिवस उभा राहणार असेल तर टाकी भरून ठेवा.

अनेक जण डिझेलचा कॉक बंद करून ट्रॅक्टर थांबवतात. अडचणीत ते चालेल, पण फिल्टरमधले आणि नळ्यांतले डिझेल संपेपर्यंत इंजिन काही वेळ चालतच राहते. नंतर आत हवा धरते आणि ती काढत बसावे लागते. रोटरी पंपाला तर डिझेल हेच वंगण आहे. रोज कोरडा चालवला तर तो झिजतो. काही जुन्या इंजिनांना डिकॉम्प्रेशनची दांडी असते. ती सुरू करतानाच्या सोयीसाठी आहे, रोज बंद करण्यासाठी नव्हे. आणि चालू इंजिनाच्या नोझलच्या नळीचा नट कधीही सैल करू नका. तिथले डिझेल एवढ्या दाबाने येते की कातडीतून आत शिरते. सुईच्या टोकाएवढी जखम दिसली, तरी ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जा.

नेवाशाच्या खळ्यावर

शेवटचा मुक्काम नेवासे. ज्या पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली, तो इथेच. दर्शन घेतले आणि प्रवरासंगमकडे निघालो. वाटेत एका खळ्यावर तुरीची मळणी चालली होती. ट्रॅक्टरला मळणी यंत्र जोडलेले. दोन बाया पेंढ्या घालत होत्या, मालक दूर पोती शिवत होते.

तेवढ्यात इंजिनाचा आवाज चढला. धूर निळा झाला. मालक धावत आले, स्टॉप ओढला, पण आवाज चढतच गेला. त्यांनी बायांना ओरडून लांब केले. यंत्राशेजारी लाकडी पाट होता, तो एअर क्लिनरच्या तोंडावर दाबून धरला. दोन-तीन झटके देऊन इंजिन थांबले. खळ्यावर एकदम शांतता पसरली.

हा प्रकार सर्वांत धोक्याचा आहे. इथे पंपाने डिझेल तोडले होते, पण इंजिन स्वतःचेच ऑइल जाळत होते. ऑइलची पट्टी काढून पाहिली, तर ऑइल खुणेच्या दोन बोटे वर आणि त्याला डिझेलचा वास. फीड पंपाचा पडदा फाटला होता आणि डिझेल थेंबाथेंबाने ऑइलमध्ये उतरत होते. लक्षात ठेवा, ऑइल कमी झालेले आपण पाहतो. पण न घालता वाढले, तर ते जास्त वाईट. ऑइलचा एअर क्लिनर असेल, तर त्याच्या वाटीतही खुणेच्या वर ऑइल घालू नका, ते हवेबरोबर ओढले जाते. टर्बो असलेल्या इंजिनात टर्बोचे सील गेले, तरी असेच होते.

अशा वेळी आधी माणसे लांब करा. हवा बंद करायची तर जाड, सपाट फळीने. हाताने नव्हे, आणि फडक्यानेही नव्हे. फडके आत ओढले जाते. चालक सीटवरच असेल, समोर कोणी नसेल, तर वरचा गिअर, दोन्ही ब्रेक घट्ट आणि क्लच सोडणे, हा त्या प्रसंगापुरता उपाय आहे. काहीच जमत नसेल, तर सगळ्यांनी दूर जावे. इंजिन गेले तर पुन्हा घेता येते. आणि थांबल्यावर दोष दूर करून ऑइल बदलल्याशिवाय पुन्हा सुरू करू नये.

सगळे शांत झाल्यावर त्या घरच्या सूनबाई मला म्हणाल्या, "भाऊ, आज मालक जवळ होते. नसते तर? चार वर्षं मी या यंत्रावर पेंढ्या घालते, पण हा बंद कसा करायचा ते मला कोणी दाखवलंच नाही."

मंडळी, साऱ्या प्रवासात मला एवढे मोलाचे कोणीच बोलले नाही. ट्रॅक्टर चालवणारा घरात एक असतो, पण त्याच्या आसपास वावरणारी सगळी असतात. मळणीत पदर अडकतो तेव्हा चालक बहुधा सीटवर नसतो. अशा वेळी जो जवळ असेल त्याचा हात स्टॉपवर गेला पाहिजे, आणि स्टॉप ओढल्यावर इंजिन थांबलेच पाहिजे. म्हणून स्टॉप बिघडलेला ट्रॅक्टर मला हसण्याचा विषय वाटत नाही.

तेव्हा आज संध्याकाळी एवढे करा. स्टॉपच्या मुठीला लाल रंग लावा. आई, पत्नी, सून, कळती मुले, सालगडी, सर्वांना बोलावून प्रत्येकाच्या हाताने एकदा ट्रॅक्टर बंद करून घ्या. बंद करण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे इंजिन हळू चालू द्या. बंद झाल्यावर चावी काढून घरात खुंटीला लावा. इंजिन गार झाल्यावर ऑइलची पट्टी पाहून घ्या. मार्चमध्ये गव्हाच्या मळण्या सुरू होतील. केबल बदलायची असेल, तर त्याआधीच्या बाजाराच्या दिवशीच आणा.